सिरॅमिकमधले पक्षी: काय पाहू, कुठे पाहू?

चाकावरची: नमस्कार मंडळी. पुण्यात एका स्टुडिओत चाकावरचं काम शिकते आहे. सध्या पक्ष्यांनी झपाटलंय, पण वाडगा वेगळा आणि त्यावर चिकटवलेली चिमणी वेगळी, असंच दिसतं. आधुनिक कलाकारांपैकी कुणाचं काम आवर्जून पाहू? मे महिन्यात दक्षिण फ्रान्सला जाणार आहे, तिथलं काही असेल तर फारच छान.

भट्टीपाशी: तिकडे जाताय तर पिकासोचे पक्षी पाहिल्याशिवाय येऊ नका. १९४६ साली आँतिबच्या ग्रिमाल्दी किल्ल्यात तो चित्रं काढत होता, तेव्हा पायाला जखम झालेलं एक छोटं घुबड त्याच्याकडे आलं. त्याने ते पाळलं. पुढच्या वर्षी जवळच्याच वालोरीस गावात, सुझान आणि जॉर्ज रामिए यांच्या मादुरा कार्यशाळेत तो मातीत काम करू लागला आणि घुबडं तिथेही आली. त्या फुलदाण्यांमध्ये भांड्याचं पोट हेच पक्ष्याचं अंग. पिसं आणि गोल डोळे ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत उभे राहतात.

तुमच्या अडचणीचं उत्तर मात्र मला त्याच्या कबुतरांत दिसतं. (वडीलही चित्रकार, आणि कबुतरं हा त्यांचा आवडता विषय.) मादुरातला कारागीर जूल आगार चाकावर भांडी काढून द्यायचा. माती मऊ आहे तोवर पिकासो ती दाबून, वाकवून, मान वळवून त्यांचं बसलेलं कबुतर करायचा. पक्षी भांड्यावर येऊन बसत नाही, भांडंच पक्षी होतं. माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यात मोठं तेच आहे.

आँतिबचा तो किल्ला आता पिकासो संग्रहालय आहे. त्याने स्वतः दिलेली सिरॅमिक्स तिथे आहेत. सोमवारी बंद असतं. वालोरीसच्या किल्ल्यातलं सिरॅमिक संग्रहालयही त्याच फेरीत होईल.

उत्तरेकडून: अगदी दुसऱ्या टोकाचं काम पाहायचं असेल तर फिनलंडचा बिर्गर काइपिआइनेन. तिथल्याच अराबिया नावाच्या सिरॅमिक कारखान्यात काम करायचा. सिरॅमिकचे मणी तारेच्या सांगाड्यावर ओवून त्याने लांब, बाकदार चोचीचे पाणपक्षी केले. प्रवासात नाही जमलं तरी फोटो जरूर शोधा.

चाकावरची: भट्टीपाशी, कबुतराचं लगेच करून पाहावंसं वाटतंय! पण ओली बाटली दाबली की कोसळणार नाही का? आणि चोच?

भट्टीपाशी: बाटलीचं तोंड चाकावरच पूर्ण मिटवा. आत अडकलेली हवा उशीसारखा आधार देते, भिंत एकदम आत जात नाही. मातीवरची ओली चमक गेली आणि बोटाला चिकटेनाशी झाली की वाकवा. फार वाळू दिलीत तर मानेशी चिरेल. चोच वेगळी लावू नका, मिटवलेल्या टोकातूनच चिमटीने ओढून काढा.

आकार बसला की पोटाखाली सुईने भोक पाडायचंच, नाहीतर वाळताना माती आकसते आणि आतली कोंडलेली हवा तडा देते. बुडाशी माती जाड राहिली असेल तर पुरेसे दिवस वाळवा. भट्टीत तुकडे उडतात ते बहुतेक वेळा मातीत उरलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. पहिले पक्षी मुठीएवढेच करा आणि एका बैठकीत चार-पाच काढा, म्हणजे मान कुठे वळवायची ते हाताला कळेल. झाले की फोटो इथेच टाका.