मदत हवी आहे: वाचवलेल्या हरणाला शिंगं फुटलीत, माणसांपासून लांब कसं करायचं?

कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेलं पाडस आमच्याकडे वाढलं, वनखात्याला तेव्हाच कळवलंय आणि त्यांच्या सांगण्यावरूनच ते मोकळं आहे, म्हणजे कुंपण नाही, दावं नाही, गळ्यात पट्टा नाही (माजाच्या काळात नराची मान जाड होते, पट्टा रुततो, म्हणून मुद्दाम नाही). दूध कधीच सुटलंय, पाला-गवत स्वतः खातं. धान्य अजिबात देत नाही, कारण एकदम जास्त गेलं तर पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकतं.

अडचण वेगळीच आहे. तो नर आहे, शिंगांवरची मखमल (वाढत्या शिंगांवरची मऊ, लवदार कातडी) आता सुटायला लागलीये, सारखा झाडांना घासत असतो आणि माणसाची भीती शून्य. असा माणसाळलेला नर माजावर आला की माणसालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येतो हे माहितीये, आणि घरात लहान मुलं आहेत. आत्ताच डोक्याने ढकलायला लागलाय. तसं केलं की आम्ही लगेच आत जातो, हात लावणं, बोलणं सगळं बंद केलंय, तरी संध्याकाळी दारात येऊन उभा राहतोच, बघून फार जीव तुटतो. मागे लागून हाकलायचं नाहीये, घाबरून जिवाच्या आकांताने पळालं तर हरणाचे स्नायू निकामी होऊन ते मरू शकतं. जंगल लागूनच आहे, त्याच्या जातीचा कळपही दिसतो.

ज्यांनी हाताने वाढवलेला नर प्रत्यक्ष सांभाळलाय त्यांनी प्लीज सांगा, माज सुरू व्हायच्या आत त्याची दाराची सवय न पळवता, न दुखवता मोडायची कशी, आणि कुठली लक्षणं दिसली की अजिबात वाट न बघता वनखात्याला बोलवायचं?