गोरज मुहूर्त, कार्यालयासमोर हॉस्पिटल: लग्नात वाजंत्री काय ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, साताऱ्यात. मुहूर्त गोरज, सव्वासहाच्या सुमाराचा. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, पण वाजंत्रीवरून दोन आठवडे घरात एकमत होत नाहीये.

बाबांना सनई-चौघडा हवाय, तोही समोर बसून वाजवणारा. पेन ड्राइव्हवरची सनई नको म्हणतात. व्याह्यांकडून परण्याला, म्हणजे लग्नाआधी नवरदेव देवळात जातो त्या मिरवणुकीला, डीजेची मागणी आहे. हट्ट नाही त्यांचा, माणसं समजूतदार आहेत. पण नवरदेवाच्या मित्रांना नाचायचंय आणि त्यांची हौस मोडायची माझी इच्छा नाही.

अडचण अशी, की कार्यालयासमोर रस्ता ओलांडला की हॉस्पिटल. मागच्या वर्षी माझे सासरे ॲडमिट असताना खिडकीखाली एक वरात अर्धा तास थांबली होती. काचा थरथरत होत्या आणि ते पलंगाची कड घट्ट धरून बसले होते. आमच्या घरच्या कार्यामुळे कुणावर ती वेळ यायला नको.

दुसरी गोष्ट आजीची. वय ८४. जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत आणि हळदीला तिने त्या म्हणाव्यात असं बहिणीला मनापासून वाटतं. पण आवाज बारीक झालाय. चुलतभावाच्या हळदीला तिने सुरुवात केली आणि त्याच वेळी कुणीतरी स्पीकर लावला. दोन ओळी ओठांतल्या ओठांत म्हणून ती गप्प झाली. नंतर कितीही आग्रह केला तरी 'राहू दे गं' एवढंच.

वाजंत्रीसाठी सगळं मिळून ७० हजार बाजूला ठेवलेत. त्यात हे सगळं कसं बसवावं? आणि कार्यालयाचा मॅनेजर म्हणतो की सिनेमाची गाणी वाजवायची तर परवान्याचे वेगळे पैसे भरा. हे खरं आहे का?

प्रतिसाद १
आधी हॉस्पिटलचं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे हॉस्पिटलभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. अशा क्षेत्रात मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. तिथे ढोल बडवणंही दंडाला पात्र आहे, त्यामुळे डीजेऐवजी ढोल-ताशा हा उपाय नाही. नाच मारुतीच्या देवळापाशी होऊ द्या. नवरदेव परण्याला तिथे जाणारच ना? हलगी, घुमकं, कैताळ (झांजा) असा वाजवणाऱ्यांचा ताफा सांगा. चार वाजता सुरू करून पाऊण तास मनसोक्त नाचू दे पोरांना. हलगी कडाडायला लागली की डीजेची आठवण कुणाला येत नाही, आमच्याकडे दोन लग्नांत पाहिलंय. वाद्यं कुठे थांबवायची ती जागा ताफ्याच्या म्होरक्याला आदल्या दिवशी प्रत्यक्ष दाखवा. फोनवर सांगितलेलं गर्दीत कुणी लक्षात ठेवत नाही.

प्रतिसाद २
तुमच्या बाबांचं बरोबर आहे, सनई समोरच वाजावी. मंडप रिकामा असताना लावलेली आणि माणसं येताना पाहून रंगत जाणारी सनई यांत फार फरक असतो. दोन सनया, एक सूर धरणारा आणि चौघडा एवढं पुरे. बंद दालनात माईक देऊच नका, बाहेर आवाज जाणार नाही.

गोरज मुहूर्त आहे तर वादकांशी रागांबद्दल जरूर बोला. साडेचार-पाचला मुलतानी, दिवेलागणीला पूरिया धनाश्री, अक्षता पडल्यावर यमन. ती वेळ आणि ते सूर एकत्र आले की मंडपातलं बोलणं आपोआप हळू होतं. चांगले वादक या मागणीने खूश होतात. नुसतं 'काहीतरी वाजवा' म्हटलं की सिनेमाची गाणी सुरू होतात.

मंगलाष्टकं कोण म्हणणार तेही आत्ताच ठरवा. ती ज्या वृत्तात असतात त्या शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरांची ओळ असते आणि १२ अक्षरांनंतर यती, म्हणजे थांबा. तिथे श्वास घेतला नाही तर माणूस ओळीच्या शेवटी अडखळतो. आत्या-मावशांना एकदा एकत्र बसवून म्हणून घ्या. अंतरपाट धरल्यावर वाजंत्र्यांनी गलबला करू नये हे एका जुन्या मंगलाष्टकातच सांगितलंय!

प्रतिसाद ३
परवान्याचे पैसे भरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलंय. तिची प्रत मॅनेजरला दाखवा.

प्रतिसाद ४
मला आजींबद्दल लिहायचंय. त्यांना माईकसमोर खुर्चीत बसवू नका. जात्यावरची ओवी जात्याच्या घरघरीवर चालते, हात थांबला की शब्दही अडतात. खरं जातं मांडा, खुंटा धरायला बहीण आणि तुम्ही बसा, आजींना मधे घ्या. पदराला लहान कॉलर माईक आणि खोलीत एकच छोटा स्पीकर. हे सगळ्यात आधी करा, सकाळी, पाहुणे यायच्या अगोदर. घरातल्या बायका तेवढ्या असू देत. माझ्या आईच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या राहून गेल्या, म्हणून सांगते: लग्नाची वाट पाहू नका, या रविवारीच फोन जवळ ठेवून बसा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. व्याह्यांशी बोलले. मारुतीच्या देवळापाशी हलगी त्यांना पसंत आहे, नवरदेव तर खूशच झाला. बाबा मुलतानी ऐकून वादकांचा शोध घ्यायला लागलेत. आजीला जात्याचं विचारलं तर म्हणाली, 'आधी त्याला टाकी लावून आणा, इतक्या वर्षांत गुळगुळीत झालं असेल.'

तर आता नवीन प्रश्न. सातारा, वाई किंवा कोरेगावकडे जात्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करून, देणारं कुणी अजून आहे का? असेल तर गाव सांगा, आम्ही जातं घेऊन येतो.