धर्मग्रामातला साधा आठवडा : तुमच्या आठवणी लिहा

केळफूल
गेल्या शनिवारी आईने आमच्या धर्मग्रामातलं (म्हणजे एका चर्चचा परिसर आणि तिथली ख्रिस्ती माणसं) वेदीच्या कापडांचं काम सोडलं. गुडघे साथ देत नाहीत. आता आमच्या आळीतली एक तरुण सून ते बघणार आहे. आईने तिला समोर बसवून सगळं शिकवलं आणि ते ऐकता ऐकता मला लहानपणचे सोमवार आठवत गेले.

रविवारच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, कापडं सोमवारी सकाळी आमच्या घरी यायची. चषक पुसायचा रुमाल आणि तबकाखाली अंथरायचं चौकोनी कापड ही दोन कधीच घरातल्या कपड्यांत मिसळायची नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं पितळी घंगाळ होतं. पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही, चाफ्याच्या बुंध्याशी मातीत ओतायचं. त्यात ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे मिस्सेत अर्पण केलेल्या भाकरीचा, कण किंवा द्राक्षारसाचा थेंब असू शकतो म्हणून. मग साबण, मग तांदळाची पातळ खळ, आणि थोडं दमट असतानाच इस्त्री. चौकोनी कापडाची घडी अशी घालायची की उघडल्यावर नऊ चौकोन दिसले पाहिजेत. घड्या आतल्या बाजूला, कण राहिलाच तर आतच राहावा. हे सगळं आई नमो मरिया ही प्रार्थना म्हणत करायची आणि मध्येच "तांदूळ उतरव गं" असंही ओरडायची.

नाताळ, ईस्टर, सण यांवर सगळेच लिहितात. मला सामान्यकाळातलं ऐकायचंय. फादर हिरवा झगा घालतात, काही विशेष नसतं, तो आठवडा. वर्षातले तीसच्या वर आठवडे तर हेच असतात. वसईच्या मंडळींनी लिहाच, बाहेरच्यांनीही लिहा.

पहिली लोकल
पाच वाजताची घंटा. बास, तिथेच सगळं आलं. आमच्या घरात त्या घंटेवर चहा उकळायचा. आजी सकाळची मिस्सा करून आली की फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जायची. फादरांना माहीत असायचं की मागच्या बाकांवरच्या बायकांना गाडी गाठायची आहे, त्यामुळे रोजच्या दिवशी प्रवचन दोन वाक्यांचं. लाल लुगडं, डोक्यावर पदर, पायरीशी पाटी झाकून ठेवलेली. मोगऱ्याचा वास थेट वेदीपर्यंत जायचा.

वाडीवरची
@पहिली लोकल अगदी अगदी! आमच्याकडे पानांच्या टोपल्या असायच्या. आणि परत येताना उरलेली फुलं मरियामातेसमोर. विकायच्या आधी नाही, उरलेली. लहानपणी मला ते खटकायचं. आजी म्हणायची, तिला ठाऊक आहे घरात किती तोंडं आहेत.

केळफूल
वाडीवरची, हे आईला वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले.

साधा माणूस
मी वाचक आहे आमच्या चर्चमध्ये, मिस्सेत बायबलमधले उतारे वाचतो. लोकांना वाटतं पुढे जाऊन वाचलं की झालं. तसं नाही. बुधवारी यादी येते, गुरुवारपासून मी मोठ्याने वाचायला घेतो, बायको समोर भाजी निवडत ऐकते आणि "कळलं नाही, परत" म्हणते. तिला कळलं तर शेवटच्या बाकाला कळतं. पहिलं वाचन बहुतेक जुन्या करारातलं, त्यातली नावं जीभ अडकवणारी. नबुखद्नेस्सर एकदा नीट म्हणून दाखवा! थेस्सलनीकाकरांस पत्र आलं की आमचे धर्मशिक्षणाच्या वर्गातले पोरगे पैज लावतात कोण न अडखळता म्हणतो त्याची. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. त्यामुळे एखादा उतारा परत आला की मागच्या वेळी घरात काय चाललं होतं ते आठवतं. दुःखात सापडलेल्या योबाचं वाचन मी वडील आजारी असताना केलं होतं. पुढच्या फेरीला ते नव्हते. तोच उतारा, तोच माईक.

खाडीपलीकडे
साधा माणूस दादा 🙏

ओलं वाळूत
आम्ही कोळी. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला, तेव्हा चर्च भरलेलं. एरवी रविवारी आमचे पुरुष मिस्सेला किती हे भरतीवर ठरतं, हे खरं सांगते. म्हणून आमच्याकडे बायकाच सगळं चालवतात. गायन बायकांचं, झाडलोट बायकांची, जपमाळेचं पुढारपण बायकांचं. हंगाम सुरू होताना फादर बंदरावर येऊन होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, ते सगळ्यांना माहीत असतं, फोटो येतात. पण रोज संध्याकाळी समुद्रावर असलेल्यांची नावं घेऊन जपमाळेतलं एक रहस्य (येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगावरचा भाग) म्हटलं जातं त्याचा फोटो कोण काढणार. नाव चुकून राहिलं तर त्या घरची बाई लगेच मागून सांगते.

मोरपंखी
मी हिंदू आहे, लिहिलं तर चालेल ना? पलीकडचं घर ख्रिस्ती. काकूंबरोबर बुधवारच्या नोव्हेनाला जायचे. मला कधी कोणी विचारलं नाही की तू कोण. पण काकू ख्रिस्तप्रसादासाठी रांगेत गेल्या की मी बाकावर बसून राहायचे, तेव्हा थोडं एकटं वाटायचं. नोव्हेना आणि मिस्सा यात फरक काय तो आजही नीट माहीत नाही.

साधा माणूस
@मोरपंखी चालेल काय, लिहाच. नोव्हेना म्हणजे भक्तीची प्रार्थना, नऊ दिवस किंवा नऊ आठवडे करतात, काही ठिकाणी कायमची दर बुधवारी. ती घरीसुद्धा म्हणता येते, फादर नसले तरी चालतं. मिस्सेला धर्मगुरू लागतोच. तिच्यात आधी वाचनं आणि शुभवर्तमान, मग भाकर आणि द्राक्षारसाचं अर्पण. तेच आमच्यासाठी ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त. प्रसाद घेण्याआधी बाप्तिस्मा आणि पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा प्रसाद घेण्याची, तयारी झालेली असावी लागते, म्हणून तुम्ही बसून राहायचात. आमची लहान मुलंही तशीच बसून असतात.

मोरपंखी
धन्यवाद दादा. इतकी वर्षं कुणाला विचारायचा धीर झाला नव्हता.

वाडीवरची
मोरपंखी, पुढच्या बुधवारी आमच्याकडे या. शेजारी मी बसेन.

दोहाकर
आमचा रविवार शुक्रवारी असतो 😀 कतारमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे सगळी गर्दी त्या दिवशी. इथलं चर्च 2008 मध्ये उघडलं. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. आत शिरलं की जगातल्या सगळ्या भाषा. फिलिपिनो, मल्याळी, कोकणी, तमिळ, अरबी. पहिल्या महिन्यात मी मराठी शोधत होतो. मग पार्किंगमध्ये कुणीतरी मागून आमच्या वसईच्या कादोडी बोलीत हाक मारली आणि मी तिथेच उभा राहिलो. आता आम्ही चार घरं मिळून गुरुवारी रात्री एकाच्या खोलीत जपमाळ म्हणतो. मराठीत. गुरुवारी प्रकाशाची रहस्ये असतात ना, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडलेली. माझ्या आजीला ती कधी पाठ झाली नाहीत, ती गुरुवारीही आनंदाचीच म्हणायची. मी मात्र आता तीच सगळ्यात जास्त म्हणतो.

पहिली लोकल
कोणत्या गावचा रे तू? आवाज ओळखीचा वाटतो, म्हणजे लिहिणं.

दोहाकर
निर्मळजवळचा. तुम्ही?

पहिली लोकल
नंदाखाल! मग आपल्याकडची लग्नं झालीच असणार कुठेतरी. मेसेज कर.

जुना बाक
वय झालं, हळू टाइप करतो. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि फादरांची पाठ आमच्याकडे. आम्ही सेवक मुलं उत्तरं पाठ करून म्हणायचो. दोमिनुस वोबिस्कुम म्हटलं की एत कुम स्पिरितू तुओ. अर्थ विचारायची पद्धत नव्हती. बायका खाली बसून पूर्ण वेळ जपमाळ ओढायच्या, घंटी वाजली की मान वर करून उंच धरलेला प्रसाद बघायच्या आणि परत मणी. मग 1962 ते 65 ची जगभरच्या बिशपांची व्हॅटिकन परिषद झाली आणि काही वर्षांत सगळं पालटलं. फादर आमच्याकडे तोंड करून मराठीत बोलू लागले. माझ्या आईने घरी येऊन सांगितलं, आज मला कळलं की इतकी वर्षं ते आपल्यासाठीच मागत होते. काही वडीलधाऱ्यांना मात्र ते आवडलं नाही, देवाघरची भाषा गेली म्हणायचे. दोन्ही बाजूंचं प्रेम खरं होतं. मराठीचं म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्येच ख्रिस्तपुराण ओव्यांत छापून ठेवलं होतं. वेदीवर मात्र मराठी यायला आणखी साडेतीनशे वर्षं लागली.

खाडीपलीकडे
काका लिहित राहा. कितीही हळू.

केळफूल
जुना बाक काका, तुम्ही त्या काळचं गायनही लिहा ना. पेटी होती का तेव्हा?

जुना बाक
पायाने भाता चालवायचा ऑर्गन होता. लिहितो उद्या. आता सुनेने जेवायला बोलावलंय.

ताडाखाली
माझी आठवण आजारी माणसांच्या कम्युनियनची. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. आजी अंथरुणाला खिळलेली, पण त्या दिवशी पहाटेपासून घाई. आंघोळ घाला, धुतलेलं लुगडं नेसवा, केस विंचरा. स्टुलावर पांढरा रुमाल, क्रूस, मेणबत्ती, वाटीत पाणी. दुधाचा कप पुढे केला तर "तासभर आधी काही नको" म्हणून तोंड फिरवायची. आजाऱ्याला तो उपास माफ असतो हे फादरांनी समजावलं होतं, तरी नाहीच. प्रसाद घेऊन येणारे काका वाटेत कुणाशी बोलत नसत. गळ्यात छोटी डबी, हात छातीशी. गावात सगळ्यांना माहीत होतं, समोरून येणारा सायकलवरून उतरून उभा राहायचा. प्रसाद दिल्यानंतर मात्र तेच काका अर्धा तास बसून कुणाची केळी पडली, कुणाच्या विहिरीला खारं पाणी लागलं, सगळं सांगायचे. आजी महिनाभर त्यावर जगायची. त्या प्रसादाइतकंच तिला ते अर्ध्या तासाचं बोलणं लागत होतं, असं मला वाटतं. घरात पडून असलेल्या माणसाला आपण अजून धर्मग्रामात आहोत हे त्या दिवशी कळतं.

ओलं वाळूत
डोळ्यांसमोर आलं. माझ्या सासऱ्यांचं अस्संच.

पिंपळपार
कुणीतरी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं, गरजूंना घरी भेटून मदत करणाऱ्या संस्थेचं, लिहील म्हणून थांबलो होतो. मीच लिहितो. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केली, आणि आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दर आठवड्याला तीच पद्धत. प्रार्थना, मागच्या भेटींचा अहवाल, या आठवड्यात कोणी कुठे जायचं, दोघादोघांनी. शेवटी कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ मिटूनच आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. कोणी किती टाकले, टाकले की नाही, कोणालाच कळत नाही. मी नोकरी गेली होती तेव्हा महिनोन्महिने रिकामी मूठ घातली, आणि त्याच काळात त्याच पिशवीतून माझ्या मुलीची वह्या-पुस्तकं आली. मदत करणाऱ्यांच्या घरी मदत पोचली तरी बोभाटा झाला नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

वाडीवरची
पिंपळपार भाऊ, बरं केलंत लिहिलंत.

साधा माणूस
🙏🙏 उद्या त्या सभेला मीही येतो. खूप दिवस फक्त म्हणतच होतो.

रिमझिम
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. 2020 च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली तेव्हा आमची आई फोनवरच्या मिस्सेला साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसायची. शुभवर्तमानाला उभी राहायची. मी म्हटलं आई, बसलीस तरी चालेल. म्हणाली, तू पण ऊठ. शांततेची खूण द्यायच्या वेळी आम्ही दोघी, समोर फोन. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून शेजारीण काकूंनी हात जोडले, त्याही तेच बघत होत्या. शिट्टी झाली, येते नंतर.

दोहाकर
आमची पण! उभं राहायचा हट्ट. सगळ्या आया सारख्याच.

नवी सेवक
मी दहावीत आहे. वेदीसेवक. आमच्याकडे आता मुलीपण आहेत. धूपदानाचं काम मला आवडतं पण निखारा आधीपासून नीट फुललेला असला पाहिजे, नाहीतर धूप टाकला की नुसता विझतो आणि फादर वाट बघत उभे. शिकवायला एक दादा आहेत ते म्हणतात साखळी मनगटातून हलवायची, खांद्यातून नाही. माझ्या मैत्रिणी रविवारी उशिरा उठतात. मला सहाला तयार व्हावं लागतं पण प्रसाद वर उचलताना घंटी मी वाजवते तेव्हा सगळं चर्च गप्प होतं ते मला फार आवडतं.

जुना बाक
@नवी सेवक शाब्बास पोरी. मनगटातूनच. आम्हालाही हेच शिकवलं होतं.

खाडीपलीकडे
जरा विषयांतर. सुवार्ताचे जुने अंक कुणाकडे बांधून ठेवलेत का? मासिक 1955 पासूनचं आहे, मला फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक होते त्या काळातले हवेत. ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या वाडीत लोकांनी अंक शोधून शोधून काढले होते. 2024 च्या जुलैत ते गेले, तेव्हा परत. आमच्या घरचे पावसात भिजले.

ताडाखाली
आमच्या माळ्यावर एक खोका आहे. वाळवी नाही लागलेली बहुतेक. 1998 ला वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला त्या वर्षीचे तरी नक्की आहेत, वडिलांनी वेगळे बांधले होते.

खाडीपलीकडे
अहो कमाल! कधी येऊ? मी फोटो काढून लगेच परत करीन.

ताडाखाली
शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर या. चर्चच्या दारातच भेटू, तिथून घर जवळ आहे. टॉर्च आणा, माळ्यावरचा दिवा गेलाय.

केळफूल
मीपण येऊ का? आईच्या कपाटातली जुनी गीतांची वही आणते, तिची पानं सुटलीयत, कुणाला बांधता येत असेल तर सांगा.

पिंपळपार
आणा. मी बांधून देतो, खळ तुमच्याकडची चालेल.