टाका लहान म्हणून आरामही लहान?

अबोली:
कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबली की हल्ली दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. दोनेक सेंटिमीटरचा छेद, एक-दोन दिवसांत पेशंट चालत घरी. माझं मत असं की हा लहान टाकाच बायकांना नडतो. मावसबहिणीचं एल-फोर एल-फाइव्हचं, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीचं झालं. घरी आल्यावर सासूबाईंनी पट्टी बघितली नि म्हणाल्या, "एवढंच?" आठवडाभरात ती खाली बसून पोळ्या लाटत होती. पूर्वी पाठीवरची भलीमोठी जखम बघून तरी लोक गप्प बसायचे. स्वीडनमध्ये देशभरातल्या मणक्याच्या ऑपरेशनांची नोंदवही ठेवतात. त्यातही गादीच्या ऑपरेशननंतर वर्षाने बायकांचं दुखणं पुरुषांपेक्षा जास्तच निघालंय.

हेमंत_फिजिओ:
थांबा. त्याच नोंदींत ऑपरेशनच्या आधीही बायकांचं दुखणं जास्त होतं, हे का गाळलंत? नुसता शेवटचा आकडा बघून चालत नाही, सुधारणा किती झाली ते बघायचं. तिथे बायका फारशा मागे नाहीत. खरा घोळ उशिराचा आहे. पायात कळ यायला लागून सहा महिने उलटले की ऑपरेशनचा गुण कमी येतो. आमच्याकडे बायका येतात त्या बाम, पट्टा, मालिश सगळं करून झाल्यावर.

अबोली:
आणि हा उशीर कोण करायला लावतं? तेच घर ना!

रानवारा:
बायकांचंच का? माझा चुलतभाऊ टेम्पो चालवतो. हप्ते थकले म्हणून महिन्याच्या आत स्टिअरिंगवर बसला, गादी पुन्हा बाहेर आली. त्याला "एवढंच?" असं कुणी म्हणालं नाही, तो स्वतःच म्हणाला. दवाखान्यात दुखण्याचा फॉर्म भरून घेतात, त्यावर मात्र दुखणं कमी लिहून आला. पुरुष सांगत नाहीत, बायका सांगतात. मग हा फरक दुखण्यातला की सांगण्यातला?

कुसुम५८:
बायका सांगतात हे कुणी सांगितलं? तो ऑस्वेस्ट्रीचा फॉर्म, कंबरदुखीने रोजच्या जगण्यात किती अडतं ते मोजणारा, मी भरलाय. दहा प्रश्न, प्रत्येकी ० ते ५ गुण, त्यावरून टक्के. त्यात एक प्रश्न लैंगिक जीवनाचा. समोर पेन घेऊन माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा. मी म्हटलं, पुढचा प्रश्न विचार. सोडलेला प्रश्न वगळून टक्के काढतात, त्यामुळे कागदावर काहीच अडलं नाही. बसण्याचा प्रश्न तर खुर्चीचा! मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, हे कुणी विचारतच नाही.

हेमंत_फिजिओ:
कुसुमताई, खुर्चीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण अबोली, या चर्चेच्या धाग्याच्या नावालाच माझा आक्षेप आहे. आराम लहानच हवा! खाटेवर पडून राहायचे दिवस गेले, पहिल्या दिवसापासून चालायचं असतं. काही आठवडे टाळायचं ते वाकून वजन उचलणं आणि कंबर पिळणं. आणखी एक, दुर्बीण म्हणजे जादू नव्हे. वर्ष-दोन वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा दुखण्यात फार फरक उरत नाही.

अबोली:
चाला म्हणणं सोपं आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांचे ९७. तुमचा व्यायामाचा तक्ता यात कुठे बसवायचा, तेवढं सांगा.

हेमंत_फिजिओ:
म्हणून तर तक्ता मी नवऱ्याच्या हातात देतो.

अबोली:
आणि तो फ्रिजवर चिकटवतो. पुढे?

कुसुम५८:
डिस्चार्जच्या कागदावर 'जड काम टाळा' एवढंच लिहितात. आमच्या घरी जड काम म्हणजे पोती उचलणं. त्यापेक्षा स्पष्ट लिहा ना: भरलेली बादली नाही, सिलिंडर सरकवणं नाही, खाली बसून पोळ्या नाहीत. आणि ते सासूबाईंसमोर मोठ्याने वाचून दाखवा.

रानवारा:
टेम्पोवाल्यासाठी 'क्लच नाही' हेही घाला त्यात.