घरातली हवा आणि आपली फुफ्फुसे : आपले अनुभव लिहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे होणाऱ्या आजारांनी जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती. रस्त्यावरच्या धुराविषयी आपण पुष्कळ बोलतो. घरातल्या धुराची मात्र इतकी सवय झालेली असते, की आजारपण दारात येईपर्यंत त्याकडे लक्षच जात नाही. आपल्या घरी काय घडले, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात माझ्या आईपासून करते.

आमचे घर बीड जिल्ह्यातले, माळवदाचे. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती; उजेड आत येण्यासाठी आणि धूर बाहेर जाण्यासाठी छताला एक साणे होते, तेही पावसाळ्यात झाकलेले असे. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांवर आईने चाळीस वर्षे भाकरी भाजली. ओले सरपण सर्वांत जास्त धूर करते आणि नेमके तेच पेटवण्यासाठी ती चुलीत तोंड घालून फुंकणीने फुंकत बसे. पन्नाशीनंतर पाण्याची घागर आणताना तिला दम लागू लागला. ‘वय झाले’ असे म्हणत आम्ही चार वर्षे दवडली, याचे मला आजही वाईट वाटते. छातीच्या डॉक्टरांनी तिला नळीत जोराने फुंकायला लावून तपासणी केली आणि बिडी ओढता का, असे विचारले. तिने जन्मात बिडीला हात लावला नव्हता. मग त्यांनी विचारले, “स्वयंपाक कशावर करता?” निदान सीओपीडीचे, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे, झाले. या आजारात फुफ्फुसांची गेलेली ताकद परत येत नाही. औषधाने त्रास कमी होतो, एवढेच.

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुढे आमच्या गल्लीतही सिलिंडर आले, पण अनेक घरांत ते चहापुरतेच पेटतात आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवरच होते. त्यासाठी बायकांना दोष देणे मला पटत नाही, कारण सिलिंडर भरायला एकरकमी पैसे लागतात आणि पऱ्हाट्या मात्र स्वतःच्या शेतातून फुकट मिळतात.

वाचकांनी लिहिलेले अनुभव :

*पुणे*

आमच्या न्हाणीघरात गॅस गीझर होता आणि डिसेंबरातल्या थंडीमुळे झरोका पुठ्ठ्याने बंद केलेला होता. धाकटी बहीण आंघोळीला गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. दार तोडले तेव्हा ती बेशुद्ध होती. कोंडलेल्या जागेत गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रुग्णालयात बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ठीकच दिसत होता. गीझरचा उल्लेख आम्ही केला, म्हणून डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी सांगितली आणि लगेच प्राणवायू सुरू केला. ते साधे यंत्र या वायूने भारलेले रक्त आणि प्राणवायूचे रक्त वेगळे ओळखू शकत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. ती वाचली. आता गीझर ड्राय बाल्कनीत आहे.

*चिपळूण*

मुलाला रात्री दम्याची ढास लागे आणि आम्ही डासांची कॉइल लावून खिडक्या घट्ट बंद करत असू. एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, तितके कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. कॉइल बंद करून मच्छरदाणी बांधल्यापासून त्याची रात्रीची ढास पुष्कळ कमी झाली आहे.

*न्यू जर्सी*

येथे घर घेताना तळघरातल्या हवेत रेडॉन आढळला. हा किरणोत्सारी वायू जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो आणि अमेरिकेत फुफ्फुसांच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. एका लिटर हवेत ४ पिकोक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) किंवा त्याहून जास्त रेडॉन आढळला तर उपाय करावा, असे सरकारी यंत्रणा सांगते. आमचा आकडा त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. हा वायू घराबाहेर टाकण्यासाठी फरशीखालून छतापर्यंत पाइप नेऊन त्यावर पंखा बसवला आहे. पंखा बंद पडला तर कळावे, म्हणून पाइपावर रंगीत द्रवाची नळी लावलेली असते आणि दर रविवारी मी तिची पातळी पाहतो.