टॅटिंग (शटलने दोऱ्याच्या गाठी मारून करतात ती लेस) करणारे कोण कोण आहात? लेस कुठवर आली?

गुंतवळ
काल डोळ्यांच्या दवाखान्यात आईचा नंबर लागायला दोन तास गेले. सवयीने पिशवीतून शटल, म्हणजे दोरा गुंडाळायचं छोटं साधन, काढलं आणि बसले करत. समोरचे एक आजोबा बराच वेळ टक लावून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "पोरी, धोटा आहे ना गं तो?" कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, ८२च्या संपापर्यंत. "आमचा हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंड. सुटला तर माणसाचं डोकं फोडायचा. हे त्याचं पिल्लू दिसतंय." मग त्यांनी शटल हातात घेतलं, अंगठ्याने टोक दाबून बघितलं आणि काही न बोलता परत दिलं.

घरी येईपर्यंत डोक्यात आत्याच. ती शटलला होडी म्हणायची. मी नववीत असताना तिच्याकडे शिकले. शिकले कसली, तीन दिवस कडं, म्हणजे गाठींचा गोल, बंदच होईना. गाठी तर दिसायला झकास, पण दोरा ओढला की जागच्या जागी घट्ट. चौथ्या दिवशी तिने काय केलं, होडीत पांढरा दोरा भरला आणि त्याला लाल दोरा बांधून तो माझ्या डाव्या हातावर गुंडाळला. म्हणाली, "गाठ लाल दिसली तर तुझी, पांढरी दिसली तर चुकली." म्हणजे होडीचा दोरा नुसता सरळ राहायला हवा आणि हातावरच्या दोऱ्याने त्याच्याभोवती उडी मारायला हवी. होडी आरपार गेली की डावी बोटं क्षणभर सैल सोडायची आणि उजवा हात ताणायचा. टुप्पकन गाठ पलटते. ती पलटी कळली की बाकी सगळं मोजणं.

सध्या हातात ब्लाउजच्या बाह्यांची लेस आहे, ४० नंबरच्या दोऱ्याने. गेल्या दिवाळीला सुरू केली. एक बाही पूर्ण. दुसरीची सात कडी बाकी आहेत आणि ब्लाउज आता मला होत नाही.

तुम्ही कुणाकडून शिकलात, कुणाला शिकवलंत, हातात काय आहे? लिहा.

कढीपत्ता
हजर! रुमालांच्या कडा, २० नंबर. सहा ठरवले होते, चार झाले, त्यातल्या दोनांना नवऱ्याने नाक पुसलं. बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पोहेवाली
हे म्हणजे क्रोशाच ना? माझी आजी करायची, फ्रिजवर, टीव्हीवर, रेडिओवर, सगळ्यावर झाकणं. एकदा मांजरावर पण घातलं होतं.

गुंतवळ
@पोहेवाली, मांजर 😂
क्रोशा वेगळं गं. क्रोशाला आकड्याची सुई आणि टोक धरून ओढलं की भर्रकन उसवतं. टॅटिंग म्हणजे नुसत्या गाठी. चुकलं तर टाचणी घेऊन एकेक गाठ सोडवत बसायचं, नाहीतर कात्री.

आजोळ
कात्री. कायम कात्री.

रानजाई
माझं सगळं टॅटिंग लोकलमध्ये झालंय. विणकामाला कोपरं लागतात, याला तळहाताएवढी जागा पुरते, चौथ्या सीटवर अर्धं टेकून पण होतं. डोंबिवलीला चढायचं, घाटकोपरपर्यंत तीन कडी. गर्दी असेल तर दोन.

एकदा समोर उभी असलेली कॉलेजची मुलगी म्हणाली मला शिकवा. हातात दिलं तर डावखुरी! मला काही सुचेना, कारण उजव्या हाताने शिकवायचं तर मी शेजारी बसवते. ती म्हणाली मी समोरच थांबते, आरशासारखं बघते. आणि खरंच जमलं की तिला, मुलुंड यायच्या आत पहिली पलटी. माझं जास्तीचं शटल तिला दिलं. नाव विचारायचं राहिलं. चारेक महिन्यांनी त्याच डब्यात भेटली, कानात स्वतः केलेले कानातले, काळ्या दोऱ्याचे, मध्ये एकेक मणी. मला म्हणते, "काकू, तुमचं शटल हरवलं, पण मी आता तिघींना शिकवलंय." काकू म्हटल्याचा राग आला होता, तो गेला.

आणि माझं शटल एकदा सीटखाली गेलं तेव्हा अख्ख्या डब्याने पाय वर घेतले होते. कोळणी मावशींनी टोपलीसुद्धा उचलली. सापडलं कुठे, तर माझ्याच ओढणीत.

कढीपत्ता
रानजाई, कोणती लोकल? मी पण त्याच लाईनची. सकाळच्या फास्टला आजकाल श्वास घ्यायला जागा नसते, तुम्ही कडी कसली करता!

रानजाई
अगं आता बंद झालं, रिटायर. तेव्हाचं सांगतेय.

भिडू_ठाण्याचा
पुरुष चालतात का इथे?
पायाला प्लास्टर होतं, सहा आठवडे. मोबाईल बघून बघून डोकं उठलं. आईचं शटल घरात होतं, शिंगाचं, टोकं झिजलेली. व्हिडिओ लावला, थांबवला, मागे घेतला, असं किमान पन्नास वेळा. कुणीच तो लाल-पांढरा उपाय सांगितला नाही हो. तेवढं एक वाक्य मिळालं असतं तर माझा पहिला आठवडा वाचला असता.

यंदा आकाशकंदिलाला कागदाच्या झिरमिळ्यांऐवजी टॅटिंगच्या चांदण्या लावायच्या आहेत. सोळा हव्यात, नऊ झाल्या. पण लटकवल्या की चुरगळून बसतात, चांदणी कमी नि कोळी जास्त दिसतो. कडक कशा करायच्या?

उन्हाळवेळ
साबुदाण्याची खळ. पातळ शिजवायची, गाळायची, चांदणी बुडवून पिळायची नाही, दोन बोटांत दाबायची. थर्मोकोलवर प्लास्टिकचा कागद, त्यावर चांदणी, प्रत्येक टोकाला टाचणी. पिको, म्हणजे गाठींमधले छोटे फासे, तेसुद्धा ओढून टाचायचे, आळस करू नका. गंजकी टाचणी वापरलीत तर डाग जन्मात जाणार नाही.

आजोळ
खळीवर झुरळं येतात. मी फेविकॉल पाण्यात कालवून लावते.

उन्हाळवेळ
मग ती परत धुता कशी येणार?

आजोळ
कंदिलाच्या चांदण्या कोण धुतं, ताई!

भिडू_ठाण्याचा
तांदळाची पेज चालेल का? घरात तीच आहे.

उन्हाळवेळ
चालेल. मीठ न घातलेली घ्या.

थंडगार
आत्याची होडी वाचून दचकलेच! मी जर्मनीत आहे, इथे टॅटिंगला एक शब्द आहे "शिफ्शनआर्बाइट", शब्दशः होडीकाम. शटल म्हणजे शिफ्शन, छोटी होडी, आणि मागावरच्या धोट्यालाही तेच म्हणतात. म्हणजे गिरणीतले आजोबाही बरोबर आणि आत्याही.

दुसरं नाव "ओकी", मूळ इटालियन, अर्थ डोळे. खुद्द इटालियन लोक मात्र "कियाक्कियेरीनो" म्हणतात, तो शब्द गप्पा मारण्यावरून आलाय. फ्रेंच तर "फ्रिव्होलिते" म्हणून मोकळे, म्हणजे सगळा थिल्लरपणाच.

इथल्या वाचनालयात गुरुवारी आज्या जमतात. माझं जर्मन भाजी आणण्यापुरतं, त्यांना इंग्रजी नको. शेजारच्या आजींनी माझं काम हातात घेतलं, उलटं केलं, मान हलवली आणि माझं मनगट धरून शटल हवेत सोडायला लावलं. ते दोऱ्याला लोंबकळत गरगर फिरत राहिलं. दोऱ्याला पीळ चढतो तो असा काढायचा म्हणे. वीस वर्षं मी पिळासकट करत होते!! त्या बदल्यात त्यांना चकल्या नेल्या. आता दर गुरुवारी "चाकली?" विचारतात.

पोहेवाली
चकल्या भाजणीच्या का? तिकडे भाजणी मिळते?

थंडगार
आईने पाठवलेली, डीपफ्रीझरमध्ये. जपून जपून वापरते.

पोहेवाली
माझ्या चकल्या तेलात विरघळतात. कुणीतरी सांगा.

आजोळ
मोहन जास्त होतंय.
असो, माझी कर्मकथा. भाचीच्या रुखवतासाठी टॅटिंगचा गोल रुमाल केला, मध्ये एक आणि भोवती अठरा चक्रं, प्रत्येक चक्राला बारा पिको. आठ महिने. सगळं ८० नंबरच्या दोऱ्याने, आकडा मोठा तसा दोरा बारीक, डोळ्यांची वाट लागली. रुखवतात सगळ्यांनी बघितलं, फोटो काढले. वर्षभराने भाचीकडे गेले, तर रुमाल मिक्सरखाली. चटणीसकट. ती म्हणाली, "मावशी, किती मजबूत आहे हा, तीनदा मशीनला लावला, काही झालं नाही!"
रागवू का खूश होऊ?

कढीपत्ता
दोन्ही. 🫂

रानजाई
आमच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात मी कडा ठेवल्या होत्या. एक बाई म्हणाल्या, मशीनची चाळीस रुपये मीटर मिळते. मी म्हटलं, मग घ्या की. मग त्यांनी अर्धा तास उभं राहून कसं करतात ते बघितलं, एक रुपयाचं काही घेतलं नाही, आणि जाताना माझा डबा खाऊन गेल्या. पण दुसऱ्या दिवशी शटल कुठे मिळतं विचारायला आल्या हं.

पोहेवाली
कुठे मिळतं? मी पुण्यात.

उन्हाळवेळ
तुळशीबागेत लेस-दोऱ्यांच्या दुकानात विचारा. नाहीतर ऑनलाइन.

पोहेवाली
मागवलं ऑनलाइन, पण शनिवारपर्यंत येणार. तोवर काय करू? आत्ताच करून बघायचंय.

गुंतवळ
जाड पुठ्ठा घे, बोटभर लांब, दोन्ही टोकांना खाच काप, त्यात दोरा गुंडाळ. क्रोशाचा जाडा दोरा घे, १० नंबर. आणि दोन रंग!

पोहेवाली
पांढरी गाठ.

पोहेवाली
पांढरी.

पोहेवाली
मुलगा विचारतोय जेवायला काय आहे. पांढरी.

थंडगार
डावी बोटं सैल सोड गं, घट्ट धरून बसली असशील. सगळे तेच करतात.

पोहेवाली
लाल!!!! लाल दिसली!!

पोहेवाली
परत पांढरी. खिचडी टाकते, मग बघते.

कढीपत्ता
खिचडीवरून आठवलं, माझा कुकर 🙈