बालहृदय शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण : मार्ग कोणता आणि पुढे काम कुठे?

प्रश्न (एका विद्यार्थिनीचे वडील)
माझी मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असून जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवर शस्त्रक्रिया करण्याचा तिचा मानस आहे. त्यासाठी आधी बालरोगशास्त्रात एम.डी. करावे लागते, असे परिचितांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? आणि इतकी वर्षे घातल्यावर महाराष्ट्रात या कामाला वाव आहे का?

उत्तर (हृदयशल्यविशारद)
तो मार्ग बालहृदयरोगतज्ज्ञाचा, म्हणजे निदान, औषधे आणि कॅथेटरद्वारे (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने) होणाऱ्या उपचारांचा आहे. शस्त्रक्रियेसाठी जनरल सर्जरीत 3 वर्षांचे एम.एस., मग नीट-एसएस ही अतिविशेष अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा देऊन हृदयशस्त्रक्रियेत 3 वर्षांचे एम.सीएच. किंवा डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी) करावे लागते. एमबीबीएसनंतर थेट 6 वर्षांचा डीआरएनबी हाही पर्याय आहे. मात्र बहुतेक ठिकाणी या काळात प्रौढांची बायपास आणि झडपांचीच कामे अधिक हाताखालून जातात, त्यामुळे लहान मुलांसाठी वेगळी फेलोशिप, म्हणजे पदवीनंतरचे विशेष प्रशिक्षण, घेण्यावाचून गत्यंतर नसते. ती निवडताना संस्थेच्या नावापेक्षा तिथे नवजात बालकांच्या शस्त्रक्रिया किती होतात आणि त्यांत शिकाऱ्याला प्रत्यक्ष काय करू देतात, हे तिथल्या आजी-माजी फेलोंना विचारावे. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेल्या बाळात त्या पुन्हा योग्य जागी जोडताना जेमतेम एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या हृदयधमन्याही उचलून नव्या जागी शिवाव्या लागतात, आणि डावा कप्पा जास्त दाबाची सवय गमावण्यापूर्वी, साधारणतः पहिल्या काही आठवड्यांतच, हे उरकावे लागते. दुर्बिणीचा चष्मा लावून घातलेला तो टाका नुसता पाहून येत नाही.

उत्तर (बालहृदय अतिदक्षता विभागातील डॉक्टर)
वरील उत्तराशी सहमत आहे, पण वावाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. रुग्णांची वानवा नाही. हजारात आठ-नऊ बालके हृदयदोष घेऊन जन्मतात आणि 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासण्यांमुळे अनेक दोष उघडकीस येतात. अडते ते केंद्रांपाशी. एकटा सर्जन कितीही निष्णात असला, तरी लहान मुलांना सरावलेले भूलतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट (शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारे तंत्रज्ञ) आणि रात्रभर जागणाऱ्या परिचारिका नसतील, तर तो नवजात बालकाला हात लावू शकत नाही. म्हणून नोकऱ्या मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतच एकवटलेल्या आहेत, आणि फेलोशिपनंतरही बरीच वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली काढावी लागतात. खाजगी दवाखाना थाटण्याचा विचार मनात असेल, तर ही शाखा घेऊच नये.

प्रश्नकर्ते
आभारी आहे. एम.एस.ला प्रवेश घेण्यापूर्वी तिला हे काम जवळून पाहता येईल का?

उत्तर (हृदयशल्यविशारद)
विभागप्रमुखांना रीतसर पत्र लिहून निरीक्षक म्हणून परवानगी मागावी. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. तिथे, तसेच मुंबईच्या वाडिया रुग्णालयात विचारून पाहावे. शस्त्रक्रियागृहाइतकाच वेळ तिने अतिदक्षता विभागात, शक्यतो रात्रपाळीत घालवावा.